फुली-गोळा : आज्ञावलीचा पहिला पाठ

दोन उभ्या रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या दोन आडव्या रेघा, एवढ्या सामग्रीवर फुली-गोळ्याचा खेळ उभा राहतो. पाटी, वहीचे शेवटचे पान, अंगणातील माती, कोठेही ही चौकट आखता येते. महाराष्ट्रात या खेळाला फुली-गोळा म्हणतात, बंगालमध्ये काटाकुटी, तर हिंदी भाषिक प्रदेशात शून्य-काटा. नावे निराळी असली तरी नियम एकच आहेत. एकाने फुली मांडावयाची, दुसऱ्याने गोळा; ज्याची तीन चिन्हे एका ओळीत येतील तो जिंकला. पाच-सहा वर्षांचे मूल हा खेळ पाहता पाहता शिकते. दहा-बारा वर्षांचे झाले की त्याला त्याचा कंटाळाही येऊ लागतो, कारण तोवर दोन्ही खेळाडूंना पराभव टाळण्याची युक्ती साधलेली असते आणि प्रत्येक डाव बरोबरीत सुटू लागतो.

मुलांनी बाजूला टाकलेला हा खेळ संगणकाच्या शिक्षणात मात्र मानाचे स्थान मिळवून बसला आहे. संगणकाला द्यावयाच्या आज्ञांची क्रमवार मांडणी, म्हणजे आज्ञावली किंवा प्रोग्रॅम, लिहावयास शिकणाऱ्याला आरंभीच्या काही आठवड्यांतच पुष्कळदा हा अभ्यास दिला जातो : फुली-गोळा खेळता येईल अशी आज्ञावली तयार करा. याचे कारण खेळ सोपा आहे एवढेच असते, तर इतरही अनेक सोपे खेळ होते. खरे कारण निराळे आहे. जी गोष्ट प्रत्येकाला येते असे वाटते ती शब्दांत नेमकी सांगता येते का, याची परीक्षा या खेळात होते. आणि ही परीक्षा देणे म्हणजेच आज्ञावली लिहावयास शिकणे होय.

ही कल्पना आजची नाही. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या विश्लेषक यंत्राचा आराखडा केला. ते यंत्र पूर्ण होण्यासाठी पैसा हवा होता. तो उभा करण्यासाठी फुली-गोळा खेळणारे एक स्वयंचलित यंत्र बनवून लोकांना तिकीट लावून दाखवावे, असा विचार त्याच्या मनात आला. १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्याने तो सांगितला आहे. दोन मुलांच्या आकृती समोरासमोर खेळतील, शेजारी एक कोंबडा व एक कोकरू असेल. जिंकलेले मूल टाळ्या वाजवील तेव्हा कोंबडा आरवेल, आणि हरलेले मूल रडू लागले की कोकरू ओरडेल, असे त्याचे मनोरथ होते. यंत्र प्रत्यक्षात आले नाही. परंतु एक अडचण बॅबेजच्या ध्यानात आली होती. दोन खेळ्या सारख्याच चांगल्या असतील तर यंत्राने कोणती निवडावी? माणूस अशा वेळी लहरीने निवडतो. यंत्राला लहर नसते. बॅबेजने तोडगा काढला तो असा : यंत्राने आजवर जिंकलेल्या डावांची संख्या पाहावी, ती सम असल्यास पहिली खेळी करावी, विषम असल्यास दुसरी. यंत्राला जे सांगावयाचे ते निःसंदिग्ध असले पाहिजे, हा आज्ञावली-लेखनाचा पहिला नियम येथे स्पष्ट दिसतो.

विसाव्या शतकाच्या मध्यास खरे संगणक अस्तित्वात आले, तेव्हा हा खेळ लगोलग त्यांच्यापर्यंत पोहोचला. १९५० साली कॅनडातील टोरांटो येथील राष्ट्रीय प्रदर्शनात जोसेफ केट्स यांनी बनविलेले एक उंच यंत्र प्रेक्षकांशी फुली-गोळा खेळत होते. १९५२ साली केंब्रिज विद्यापीठात ए. एस. डग्लस यांनी एडसॅक या संगणकासाठी याच खेळाची आज्ञावली लिहिली. एडसॅक हे मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले आणि १९४९ च्या मे महिन्यात चालू झालेले यंत्र होते. त्यात तीन हजारांवर निर्वात नलिका होत्या आणि त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांमध्ये साठविलेली असे. खेळाडूने दूरध्वनीची तबकडी फिरवून घराचा क्रमांक सांगावयाचा आणि यंत्राने पस्तीस गुणिले सोळा ठिपक्यांच्या लहानशा पडद्यावर चौकट दाखवावयाची, अशी ती योजना होती. आजच्या कोणत्याही शाळेतील संगणक एडसॅकपेक्षा कितीतरी पटींनी बलवान आहे. तरीही डग्लस यांना ज्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली, तीच आजच्या शिकणाऱ्याला द्यावी लागतात.

हे प्रश्न कोणते, ते क्रमाने पाहणे उपयुक्त ठरेल. श्रोत्यांनी अशी कल्पना करावी की समोर एक अत्यंत आज्ञाधारक, पण काहीही न समजणारा सेवक बसला आहे. त्याला चौकट म्हणजे काय, ओळ म्हणजे काय, आळीपाळी म्हणजे काय, यांपैकी कशाचीही कल्पना नाही. त्याला केवळ संख्या लक्षात ठेवता येतात, त्यांची तुलना करता येते आणि सांगितलेल्या क्रमाने कामे करता येतात. अशा सेवकाला हा खेळ कसा शिकवावा?

पहिला प्रश्न चौकटीचा. माणसाला चौकट दिसते; यंत्राला ती दिसत नाही. म्हणून नऊ घरांना क्रमांक द्यावे लागतात : वरच्या ओळीत १, २, ३, मधल्या ओळीत ४, ५, ६, खालच्या ओळीत ७, ८, ९. यंत्राच्या स्मृतीत ही नऊ घरे म्हणजे नऊ संख्यांची एक यादी. रिकाम्या घरासाठी ०, फुलीसाठी +१ आणि गोळ्यासाठी −१ असे ठरविले की चौकटीची स्थिती यादीत पूर्णपणे उतरते. पायथनसारख्या आज प्रचारात असलेल्या अनेक भाषांत यादीची मोजणी शून्यापासून होते. म्हणून माणसाचे पहिले घर हे यंत्राचे शून्यावे घर ठरते. नवशिक्याच्या पुष्कळ चुका या एका अंतरातून जन्म घेतात. पडद्यावर दिसणारे चित्र ही या यादीवरून काढलेली प्रतिकृती असते, खेळ नव्हे, ही गोष्ट शिकणाऱ्याला येथे प्रथमच उमगते. चित्र सुंदर असो वा ओबडधोबड, खेळ यादीत घडतो.

दुसरा प्रश्न ओळीचा. 'एका ओळीत तीन' हे शब्द मुलाला पुरेसे होतात, यंत्राला होत नाहीत. ओळी एकंदर आठ आहेत आणि त्या आठही सांगाव्या लागतात. आडव्या तीन : १-२-३, ४-५-६, ७-८-९. उभ्या तीन : १-४-७, २-५-८, ३-६-९. तिरप्या दोन : १-५-९ आणि ३-५-७. प्रत्येक ओळीतील तीन संख्यांची बेरीज करावी. बेरीज ३ आली तर फुली जिंकली, −३ आली तर गोळा जिंकला. एरवी त्या ओळीत काही घडलेले नाही. डोळ्यांनी एका नजरेत होणारे काम येथे आठ बेरजांमध्ये बदलले. काय पाहिले जाते आणि त्याचे मोजमाप कसे करावयाचे, यांमधील हा पूल बांधणे म्हणजे अर्धी आज्ञावली लिहिणे होय.

एकच गोष्ट निरनिराळ्या रूपांत मांडता येते, याचे एक सुंदर उदाहरण या खेळात सापडते. नऊ घरांत क्रमांक भरताना ते वरून खाली २, ७, ६. ९, ५, १. ४, ३, ८ असे भरले, तर प्रत्येक आडव्या, उभ्या व तिरप्या ओळीची बेरीज १५ येते. चीनमध्ये प्राचीन काळापासून माहीत असलेला हा जादूचा चौरस आहे. आता चौकट पुसून टाकली तरी चालेल. दोघा खेळाडूंनी १ ते ९ मधून आळीपाळीने एकेक संख्या उचलावी. ज्याच्याजवळ बेरीज १५ होईल अशा तीन संख्या प्रथम जमतील तो जिंकला. हा खेळ वरून अगदी निराळा भासतो, परंतु तो फुली-गोळाच आहे. मांडणी बदलली तरी आशय तोच राहतो, आणि योग्य मांडणी निवडली तर काम सोपे होते, हे ज्ञान पुढे कोणत्याही मोठ्या समस्येत उपयोगी पडते.

तिसरा प्रश्न क्रमाचा, आणि नवशिक्याची खरी कसोटी येथेच लागते. एका खेळीत काय काय घडते ते लिहून काढले तर यादी साधारण अशी होते : चौकट दाखवावी, ज्याची पाळी असेल त्याला घर विचारावे, ते घर १ ते ९ मधील आहे आणि रिकामे आहे याची खात्री करावी, चिन्ह मांडावे, कोणी जिंकले का ते पाहावे, घरे संपली का ते पाहावे, पाळी बदलावी, पुन्हा आरंभापासून सुरू करावे. ही यादी इतकी साधी वाटते की तिच्यात चूक होईल असे मनातही येत नाही. चूक होते ती क्रमात. कोणी जिंकले का हे पाहण्यापूर्वीच घरे संपली का हे पाहिले, तर काय होईल? फुलीने आरंभ करून दोघांनी अनुक्रमे ६, ३, ७, २, १, ४, ५, ८, ९ ही घरे घेतली असे समजावे. नवव्या खेळीला फुलीची १-५-९ ही ओळ पूर्ण होते आणि त्याच खेळीला घरेही संपतात. क्रम चुकलेली आज्ञावली हा डाव बरोबरीत सुटल्याचे जाहीर करील. ती शेकडो डावांत बरोबर चालेल आणि ज्या डावात शेवटच्या घराने विजय मिळतो तेवढ्याच डावात जिंकणाऱ्यावर अन्याय करील.

असे आणखीही खड्डे आहेत. विजय तपासण्यापूर्वी पाळी बदलली आणि विजेत्याचे नाव पाळीवरून ठरविले, तर हरलेल्याचे अभिनंदन होते. खेळाडूने भरलेले घर सांगितले असता आज्ञावलीने त्याला पुन्हा विचारावयास हवे. ते न करता पाळी पुढे गेली तर त्याची खेळी फुकट जाते. त्याने संख्येऐवजी अक्षरच टंकित केले तर? अंगणात खेळणारी मुले असे प्रसंग भांडून, हसून किंवा रेघ पुसून मिटवतात. यंत्राजवळ हा समजूतदारपणा नसतो, म्हणून तो आधीच लिहून ठेवावा लागतो. माणसांच्या व्यवहारात न बोलता पाळले जाणारे नियम किती असतात, याची जाणीव शिकणाऱ्याला या साध्या खेळातून होते. निवृत्तिवेतनाची, शिष्यवृत्तीची किंवा शिधावाटपाची गणना करणाऱ्या आज्ञावलीतही हाच नववा डाव लपलेला असू शकतो. मात्र तेथे नुकसान खऱ्याखुऱ्या माणसाचे होते.

आज्ञावली तपासण्याची रीतही या खेळात स्वस्तात शिकता येते. त्यासाठी यंत्र हवेच असे नाही. एका मुलाने आज्ञा मोठ्याने वाचाव्यात, दुसऱ्याने यंत्र व्हावे आणि वहीतील नऊ घरांवर त्या आज्ञा अक्षरशः पाळाव्यात. यंत्र झालेल्या मुलाने स्वतःची अक्कल वापरावयाची नाही, एवढी एकच अट. पाच मिनिटांत त्रुटी बाहेर पडू लागतात. या आज्ञा प्रथम मातृभाषेत लिहाव्यात हे अधिक चांगले. 'घर रिकामे असेल तर चिन्ह मांडा, नसेल तर पुन्हा विचारा' हे वाक्य मराठीत, तमिळमध्ये वा असमियात नेमके लिहिता आले, की ते पायथनमध्ये उतरविणे हे केवळ भाषांतर उरते. उलट, विचारच नेमका नसेल तर संगणकाची कोणतीही भाषा तो नेमका करून देत नाही.

येथवर संगणक केवळ पंच होता. खेळणारी दोन माणसे होती. आता यंत्रानेच एका बाजूने खेळावे असे ठरविले, की अभ्यासाचा दुसरा आणि अधिक गहन भाग सुरू होतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे रिकाम्या घरांतून कोणतेही एक यदृच्छेने निवडावे. असे यंत्र नियमाने खेळते, पण मूर्खासारखे खेळते. मग शिकणारा स्वतःची युक्ती त्याला शिकवू पाहतो : जिंकता येत असेल तर जिंकावे, प्रतिस्पर्धी पुढच्या खेळीला जिंकणार असेल तर त्याला अडवावे, नाहीतर मधले घर घ्यावे, ते भरले असेल तर कोपरा, कोपरेही नसतील तर कडेचे घर. हे पाच नियम पुष्कळ डाव सांभाळतात आणि शिकणाऱ्याला वाटते की काम संपले.

ते संपलेले नसते. फुलीने १ हा कोपरा घेतला, यंत्राने ५ हे मधले घर घेतले आणि फुलीने समोरचा ९ हा कोपरा घेतला, असे समजावे. या क्षणी कोणालाही जिंकता येत नाही आणि कोणाला अडवावयाचेही नाही. मधले घर भरलेले आहे. म्हणून नियमाप्रमाणे यंत्र ३ हा कोपरा घेते. ३ आणि ५ यांमुळे ७ या घरी यंत्राचा विजय दिसू लागतो, म्हणून फुली ७ घेते. पण ७ घेताच फुलीच्या १-४-७ आणि ७-८-९ अशा दोन ओळी एकदम पूर्णत्वाला येतात. यंत्राला त्यांपैकी एकच अडविता येते आणि डाव हातचा जातो. यंत्राने कोपऱ्याऐवजी २, ४, ६ किंवा ८ हे कडेचे घर घेतले असते, तर फुलीला अडविण्यासाठी धावावे लागून डाव बरोबरीत सुटला असता. हा डाव खेळण्यात मुरलेल्या मुलाला ठाऊक असतो, परंतु 'तू कसा खेळतोस' असे विचारले तर त्याच्या सांगण्यात तो येत नाही. हाताला जे येते ते जिभेवर असतेच असे नाही. ते जिभेवर आणण्याचा प्रयत्न करताना शिकणारा यंत्राला जेवढे शिकवितो, त्याहून अधिक स्वतः शिकतो.

अपवादामागून अपवाद जोडीत बसण्यापेक्षा एक व्यापक रीत आहे. खेळ लहान असल्यामुळे सगळ्या शक्यता शेवटपर्यंत पाहता येतात. नऊ घरे भरण्याचे क्रम ३,६२,८८० आहेत. परंतु पुष्कळ डाव घरे भरण्यापूर्वीच निकालात निघतात; ते ध्यानी घेतले तर निरनिराळे डाव २,५५,१६८ होतात. त्यांपैकी १,३१,१८४ डावांत पहिला खेळाडू जिंकतो, ७७,९०४ डावांत दुसरा, आणि ४६,०८० डाव बरोबरीचे. प्रत्यक्ष खेळात उद्भवू शकणाऱ्या चौकटीच्या स्थिती, रिकामी चौकट धरून, ५,४७८ आहेत. पाटी फिरविल्याने किंवा आरशात पाहिल्याने ज्या स्थिती एकसारख्या होतात त्या एकच मानल्या, तर अवघ्या ७६५ उरतात.

यंत्राने प्रत्येक शक्य खेळी मनात करून पाहावी. तिच्यानंतर प्रतिस्पर्धी त्याच्या दृष्टीने उत्तम उत्तर देईल असे धरावे. त्यानंतर यंत्राने पुन्हा स्वतःसाठी उत्तम खेळी निवडावी. असे डाव संपेपर्यंत चालावे. शेवटी विजय असेल तर +१, पराभव असेल तर −१, बरोबरी असेल तर ०. ही फळे शेवटाकडून आरंभाकडे आणीत गेले की प्रत्येक खेळीची किंमत कळते. येथे शिकणाऱ्याची गाठ एका विलक्षण कल्पनेशी पडते : जी आज्ञावली एका स्थितीची किंमत ठरविते, तीच पुढच्या स्थितीची किंमत ठरविण्यासाठी स्वतःलाच पुन्हा बोलाविते. या रीतीने रिकाम्या चौकटीची किंमत शून्य येते. म्हणजे दोघेही निर्दोष खेळले तर बरोबरी अटळ आहे. मुलांना कंटाळ्यातून जे कळले होते, ते आता सिद्ध झाले.

मात्र या रीतीला मर्यादा आहे. क्लॉड शॅनन यांनी १९५० साली बुद्धिबळाच्या शक्य डावांचा अंदाज केला, तो एकावर एकशेवीस शून्ये एवढा होता. तेथे सर्व शक्यता शेवटपर्यंत पाहणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नाही. फुली-गोळ्यात जे बळाने साधते ते इतरत्र साधणार नाही, हे शिकणाऱ्याला याच ठिकाणी सांगितले पाहिजे.

मग यंत्राला नियमही सांगावयाचे नाहीत आणि सर्व डावही तपासावयाचे नाहीत, असा तिसरा मार्ग आहे काय? तो मार्ग डोनाल्ड मिची या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६१ साली दाखविला, आणि तो संगणकाशिवाय दाखविला. त्यांच्यापाशी तेव्हा या कामासाठी संगणक नव्हता. त्यांनी ३०४ रिकाम्या काडेपेट्या गोळा केल्या. आरंभ करणाऱ्या खेळाडूपुढे येऊ शकणाऱ्या, परस्परांपासून खरोखर भिन्न अशा स्थिती तेवढ्याच आहेत : पहिल्या खेळीच्या वेळी १, तिसऱ्या खेळीच्या वेळी १२, पाचव्याच्या वेळी १०८ आणि सातव्याच्या वेळी १८३. नववी खेळी मोजावयाची नाही, कारण तेव्हा एकच घर उरलेले असते. प्रत्येक पेटीवर एकेका स्थितीचे चित्र होते आणि आत नऊ रंगांपैकी योग्य त्या रंगांचे मणी होते. प्रत्येक रंग म्हणजे एक घर. पेट्यांची पाळी आली की समोरच्या स्थितीची पेटी शोधावयाची, ती हलवून तिरपी करावयाची आणि जो मणी पुढच्या टोकाशी येईल त्याच्या रंगाचे घर घ्यावयाचे.

डाव संपल्यावर खरी गंमत होती. पेट्या हरल्या तर त्या डावात वापरलेल्या प्रत्येक पेटीतून निघालेला मणी काढून घ्यावयाचा. बरोबरी झाली तर त्या रंगाचा एक मणी अधिक घालावयाचा. जिंकल्या तर तीन. अशा रीतीने वाईट खेळ्यांचे मणी कमी होत गेले आणि चांगल्या खेळ्यांचे वाढत गेले. मिची यांनी या पेट्यांशी पहिल्या सामन्यात २२० डाव खेळले. आरंभी आंधळेपणाने खेळणाऱ्या पेट्या हळूहळू चांगला खेळ करू लागल्या. कोणत्याही पेटीला खेळ समजलेला नव्हता. समज म्हणून जे काही होते, ते मण्यांच्या संख्येत साठलेले होते. अनुभवावरून संख्या कमीअधिक करून शिकणारी जी यंत्रे आज सर्वत्र बोलबाला मिळवीत आहेत, त्यांचे मूळ तत्त्व समजून घ्यावयाचे असेल तर काडेपेट्यांचा हा ढीग अजूनही उत्तम गुरू आहे. वर्गातील चाळीस मुलांनी प्रत्येकी सात-आठ पेट्या आणल्या तर तो कोणत्याही शाळेत उभा करता येतो. विजेची गरज लागत नाही.

आता या सर्वांचा शिक्षणाशी असलेला संबंध पाहावयाचा. १९८४ साली भारत सरकारने शाळांतून संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक पुरविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावली-लेखनाशी निगडित उपक्रमांची शिफारस केली. यंत्रे आणि धोरणे येतात. वर्गात प्रत्यक्ष काय घडते हा प्रश्न मात्र तसाच उरतो. फळ्यावर लिहिलेली आज्ञावली वहीत उतरवून घेणे, वहीतून संगणकात टंकित करणे आणि ती चालली की गुण मिळविणे, हा जर अभ्यास असेल तर विद्यार्थी आज्ञावली लिहावयास शिकला असे म्हणता येणार नाही. तो नक्कल करावयास शिकला.

२०२२ नंतर या प्रश्नाला नवी धार आली आहे. साध्या भाषेत मागणी केली असता आज्ञावली लिहून देणाऱ्या प्रणाली सर्वसामान्यांच्या हाती आल्या, आणि फुली-गोळ्याची संपूर्ण आज्ञावली त्या काही क्षणांत देतात. मग मुलाने ती स्वतः लिहिण्याचा खटाटोप का करावा, असे पालक विचारतात, आणि हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर असे की या अभ्यासाचे फळ ती आज्ञावली नव्हेच. जगाला फुली-गोळ्याच्या आणखी एका आज्ञावलीची गरज नव्हती, १९५२ नंतर तर मुळीच नव्हती. फळ म्हणजे ती लिहिताना घडलेले मन. ज्या मुलाने नवव्या घराची चूक स्वतः केली, स्वतः शोधली आणि स्वतः दुरुस्त केली, ते मूल दुसऱ्याने किंवा यंत्राने लिहिलेल्या आज्ञावलीकडे पाहून विचारू शकते : शेवटच्या घरी काय होते? भरलेले घर सांगितले तर काय होते? ज्याने ही वाट चाललेली नाही, त्याला हे प्रश्न सुचत नाहीत. तो समोर आलेले उत्तर स्वीकारतो.

म्हणून शिक्षकाने परीक्षा घ्यावी ती आज्ञावली चालते की नाही एवढीच नव्हे. खेळात लहानसा बदल करून पाहावा. ज्याची तीन चिन्हे ओळीत येतील तो हरला, असा उलटा नियम घालावा. किंवा चौकट चार गुणिले चार घरांची करावी आणि ओळीत चार चिन्हे लागतील असे सांगावे. तेव्हा आठांऐवजी दहा ओळी होतात आणि विजयाची बेरीज ३ ऐवजी ४ होते. ज्याने समजून लिहिले आहे, त्याला कोठे हात घालावयाचा हे ठाऊक असते आणि अर्ध्या तासात त्याचे काम होते. ज्याने उतरवून घेतले आहे, तो आज्ञावलीसमोर परक्याच्या घरी आल्यासारखा उभा राहतो. हा फरक कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा स्पष्ट असतो.

या देशातील पुष्कळ शाळांत आजही एका संगणकामागे अनेक मुले असतात, आणि काही ठिकाणी तो असूनही वीज नसते. अशा ठिकाणी आज्ञावलीचे शिक्षण पुढे ढकलावे, यंत्र आले की पाहू, असा विचार सहज होतो. फुली-गोळ्याचा अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. नऊ घरांना क्रमांक देणे, आठ ओळी लिहून काढणे, खेळीतील कामांचा क्रम ठरविणे आणि एका मुलाला यंत्र बनवून तो क्रम तपासणे, हे सर्व यंत्र येण्यापूर्वीच करता येते. किंबहुना यंत्र समोर नसताना ते अधिक काळजीपूर्वक होते, कारण चूक झाली की कळ दाबून पुन्हा पाहण्याची सोय नसते. यंत्र येईल तेव्हा येईल. वहीचे एक पान, एक पेन्सिल आणि एकमेकांच्या चुका शोधण्यास उत्सुक असलेली दोन मुले एवढे जमले की हा पाठ उद्याच सुरू करता येईल.